मैदानाच्या बाजूने अर्ज कोण करणार?

शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की नगररचना विभागाच्या आवक टेबलापुढे रांग लागते. रांगेतल्या बहुतेकांच्या हातात सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड असते. कुणाच्या प्लॉटवर शाळेचे आरक्षण पडलेले असते, कुणाच्या घरावरून आराखड्यातला रस्ता (डीपी रोड) गेलेला असतो, कुणाची जमीन हरित पट्ट्यात आलेली असते. त्यांचे येणे रास्तच आहे. जमीन त्यांची आहे आणि बोलण्याचा हक्क त्यांना कायद्याने दिला आहे. पण त्या शाळेत ज्यांची मुले जाणार, त्या मैदानावर ज्यांची मुले खेळणार, ती माणसे या रांगेत फारशी दिसत नाहीत. त्यामुळे सुनावणीच्या फाइलमध्ये ‘आरक्षण काढा’ म्हणणारा अर्ज असतो आणि ‘आरक्षण ठेवा’ म्हणणारा एकही कागद नसतो.

आराखड्यातली मैदाने, दवाखाने, भाजी मंडया आणि परवडणाऱ्या घरांच्या जागा नाहीशा होण्याचे हे एक मोठे कारण आहे. दर वेळी त्यामागे गैरव्यवहारच असतो असे नाही. अनेकदा त्या जागेच्या बाजूने कोणी काही लिहिलेलेच नसते. म्हणून या लेखाचा सगळा रोख एका गोष्टीवर आहे: आपल्या भागाचे नियोजन कागदावर ठरत असताना, मुदतीत, लेखी आणि नेमके बोला. नको ते सांगा, आणि हवे तेही तितक्याच आवर्जून सांगा.

बोलायच्या वेळा ठरलेल्या आहेत

महाराष्ट्रात शहरांचे आराखडे ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याखाली होतात. सगळे त्याला एमआरटीपी कायदा म्हणतात. एक आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो, म्हणजे आज पहिलीत असलेले मूल नोकरीला लागेपर्यंत तोच नकाशा चालतो. या प्रक्रियेत नागरिकांना बोलण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या एकामागून एक बंद होत जातात.

पहिली जागा म्हणजे आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हाची. कलम २३ खाली राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस येते आणि सूचना मागवल्या जातात. त्या वेळी नकाशाच नसतो, म्हणून लोक तिकडे लक्ष देत नाहीत. ‘आमच्या प्रभागात प्रसूतिगृह नाही’, ‘भाजी विक्रेत्यांना बसायला जागा नाही’ असे सांगायला हीच वेळ सर्वांत सोयीची, कारण अजून कोणाच्याही जमिनीवर रेघ ओढलेली नसते.

त्यानंतर कलम २५ प्रमाणे विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो. आज कोणत्या जागेवर काय आहे, याची ती नोंद. पुढचा सगळा हिशेब या नकाशावर उभा राहतो. चालू शाळा इथे ‘मोकळी जागा’ म्हणून नोंदली गेली, तर पुढे तिच्यावरून रस्ता जाऊ शकतो. हा नकाशा मिळवून आपल्या गल्लीपुरता तपासणे हे कोणीही करू शकेल असे काम आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची वेळ कलम २६ ची. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदत तीस किंवा साठ दिवसांची असते. नोटिशीत छापलेली शेवटची तारीख हीच खरी धरावी. ती उलटल्यावर दिलेला अर्ज कितीही योग्य असला तरी त्याची दखल घेण्याचे बंधन कोणावर उरत नाही.

हरकती आल्यावर कलम २८ प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेले, बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जण असतात. समितीच्या अहवालानंतर आराखड्यात बदल होतात आणि बदललेला आराखडा प्रसिद्ध होतो. तो पुन्हा पाहणे टाळू नका. कित्येक आरक्षणे याच टप्प्यात जागा बदलतात.

शेवटी आराखडा राज्य शासनाकडे मंजुरीला जातो. शासनाला मोठ्या स्वरूपाचे फेरबदल करायचे असतील, तर कलम ३१ प्रमाणे तेवढ्या भागापुरती पुन्हा नोटीस निघते आणि पुन्हा हरकती घेता येतात. ‘आराखडा मुंबईला गेला, आता संपले’ असे समजून लोक घरी बसतात. तेव्हाही एक दार उघडे असते.

या दारांनी खरेच काही होते का, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. मुंबईचा अनुभव पाहा. २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून दाखवलेले रस्ते, वारसा वास्तूंच्या चुकीच्या नोंदी, आरेची जमीन विकासाला खुली करण्याचा प्रस्ताव, कोळीवाडे आणि गावठाणे नीट न दाखवल्याची तक्रार अशा हरकतींचा ढीग पडला. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा दुरुस्त करायला सांगितले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली आणि सप्टेंबर २०१८ पासून अंमल सुरू झाला. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा आराखडा लोकांनी दाखवून दिलेल्या चुकांमुळे परत काढावा लागला. पुण्यात २०१३ साली जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. लोक उदासीन असतात, हे म्हणणे या दोन शहरांनी तरी खोटे ठरवले आहे.

नकाशा हातात घ्या आणि चालायला लागा

आराखडा म्हणजे फक्त नकाशा नव्हे. नकाशाच्या शीट, सोबतचा अहवाल, आरक्षणांची यादी आणि बांधकामाची नियमावली असे चार भाग असतात. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली, तर राज्यभर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिला यूडीसीपीआर म्हणतात.

आधी आपल्या घराचा सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सीटीएस नंबर शोधा. सोसायटीच्या कागदपत्रांत, खरेदीखतात किंवा प्रॉपर्टी कार्डावर तो असतो. मग महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागातून त्या नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. ठरावीक शुल्क भरून या दोन्ही गोष्टी कोणालाही मिळतात. जमीन तुमच्या नावावर असण्याची गरज नाही.

रंगांची सूची नकाशाच्या कोपऱ्यात असते. साधारणपणे पिवळा रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक आणि हिरवा शेती किंवा ना-विकास क्षेत्राचा. आरक्षणांना क्रमांक दिलेले असतात. हे समजले की नकाशा घेऊन दोन-तीन शेजाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष त्या भागात फिरा. टेबलावर बसून नकाशा कळत नाही.

फिरताना पुढच्या गोष्टी पाहा.

पाणी कुठून वाहते? ओढा किंवा नाला नकाशात आहे का, आणि तो जिथून वाहतो तिथेच दाखवला आहे का? नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा दाखवल्या आहेत का? निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने जे केले, ते पाहिलेल्या कोणालाही नकाशावरची ओढ्याची रेघ किती मोलाची असते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आज काय आहे? शाळा, दवाखाना, व्यायामशाळा, समाजमंदिर, स्मशानभूमी, आठवडे बाजार, रिक्षा स्टँड. यांतले काय नकाशात नाही?

रस्ता किती रुंद दाखवला आहे? हा प्रश्न फक्त वाहतुकीचा नाही. यूडीसीपीआरमध्ये प्लॉटवर किती एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि किती टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वापरता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. नऊ मीटरचा रस्ता पंधरा मीटरचा दाखवला की त्या रस्त्यावरच्या इमारतींची उंची, माणसे आणि गाड्या सगळेच बदलते. त्या वाढीव माणसांसाठी पाणी, सांडपाणी वाहिनी, शाळा यांची तरतूद आहे का, हे अहवालात शोधा.

आरक्षणे माणसांना पुरेशी आहेत का? केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. आपल्या प्रभागाची लोकसंख्या आणि दाखवलेल्या उद्यान-मैदानांचे क्षेत्रफळ घेऊन साधा भागाकार करा. जो आकडा येईल तो तुमच्या अर्जाचा सर्वांत भक्कम मुद्दा ठरू शकतो.

हरकत लिहायची कशी

बहुतेक हरकती वाया जातात त्या मजकुरामुळे. पुढचा नमुना पाहा:

‘प्रस्तावित रस्त्यामुळे आमच्या भागातील नागरिकांवर घोर अन्याय होणार आहे. तरी सदर आराखडा त्वरित रद्द करावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’

या अर्जावर समिती काहीच करू शकत नाही. कोणता रस्ता, कुठे, काय अडचण आणि करायचे काय, हे त्यात नाही. आता तीच हरकत अशी लिहून पाहा. यातले क्रमांक कल्पित आहेत:

‘शीट क्रमांक ४ वर स. नं. ३१ मधून १२ मीटर रुंद रस्ता प्रस्तावित आहे. या आखणीत वाहता ओढा येतो. गाव नकाशात हा ओढा नोंदलेला आहे, प्रत सोबत जोडली आहे. मागील पावसाळ्यात येथे पाणी साचल्याची छायाचित्रे तारखेसह जोडली आहेत. रस्ता ओढ्याच्या पूर्वेस असलेल्या सरकारी जागेतून नेल्यास तीच दोन टोके जोडली जातात व एकही राहते घर बाधित होत नाही. बदललेली आखणी सोबतच्या भाग नकाशावर लाल शाईने दाखवली आहे. सबब रस्त्याची आखणी त्याप्रमाणे बदलावी व ओढ्याच्या दोन्ही काठांची जागा हरित पट्टा म्हणून दाखवावी. सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती.’

फरक डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या अर्जात जागा आहे, कारण आहे, पुरावा आहे आणि पर्याय आहे. समितीला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे काहीतरी लिहावेच लागेल, आणि अमान्य लिहायचे तर का, हेही सांगावे लागेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी लक्षात ठेवा. अर्ज मराठीतच लिहा. एका अर्जात एकच जागा किंवा एकच विषय ठेवा. पाच विषय एकत्र केले की सोपा तेवढा उचलला जातो आणि बाकीचे राहतात. नाव, पत्ता, फोन नंबर पूर्ण द्या. प्रत्यक्ष जाऊन देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ऑनलाइन दिलात तर पोच क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. पुढे सुनावणीला किंवा न्यायालयात जायची वेळ आली तर तो शिक्काच तुमचा आधार असतो.

एकच छापील मजकूर झेरॉक्स करून हजार सह्यांनी देण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने लोकांचे लक्ष वेधले जाते, पण असे अर्ज सुनावणीत सहसा एकत्र घेतले जातात आणि हजार जणांचे म्हणणे एका ओळीत आटोपते. त्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगळे मुद्दे मांडावेत. शाळेत मुलांना सोडायला जाणाऱ्या आईचा अर्ज वेगळा, दुकानदाराचा वेगळा, ज्येष्ठ नागरिकांचा वेगळा. आपापल्या अनुभवातून लिहिलेले ते वीस अर्ज वीस वेळा वाचले जातात.

समर्थनही लेखी द्या

‘हरकती व सूचना’ या शब्दांमुळे अनेकांना वाटते की काही चुकले असेल तरच अर्ज करायचा. तसे नाही. जे बरोबर आहे ते ‘कायम ठेवावे’ असा अर्ज देता येतो आणि तो दिलाच पाहिजे.

मैदानाचे आरक्षण पडलेल्या जागेचा मालक वकील लावून, वास्तुविशारदाकडून नकाशा काढून येणार आहे. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. पण त्या दिवशी समितीपुढे परिसरातल्या दोन शाळांचे, तिथे सराव करणाऱ्या कबड्डी मंडळाचे आणि आसपासच्या चार सोसायट्यांचे पत्र असेल, तर आरक्षण उठवणे इतके सोपे राहत नाही. ‘या आरक्षणाची स्थानिकांना गरज आहे’ ही नोंद फाइलमध्ये कायमची राहते आणि पुढे कोणी ते आरक्षण बदलायला निघाले तर ती आडवी येते.

पुण्यातल्या टेकड्या याचे ठळक उदाहरण. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण असावे, ही मागणी पुणेकरांनी वर्षानुवर्षे लावून धरली. इथे लोक एका आरक्षणाच्या बाजूने उभे राहिले होते. सुमारे ९७८ हेक्टरचे हे आरक्षण शासनाने २०१५ मध्ये मान्य केले. जमीनमालकांच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र रेंगाळत राहिला. म्हणूनच समर्थनाचा अर्ज लिहिताना मालकाला काय मिळणार, याचाही विचार मांडा. रोख मोबदला, टीडीआर किंवा समावेशक आरक्षण, म्हणजे मालकानेच काही भागावर सुविधा बांधून द्यायची आणि उरलेली जागा त्याने वापरायची, असे मार्ग नियमांत आहेत. आपल्या मैदानाची किंमत एका कुटुंबाने एकट्याने मोजावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, आणि तसा अर्ज टिकतही नाही.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणीचे पत्र किंवा संदेश येतो. त्यात दिवस, वेळ आणि अर्जाचा क्रमांक असतो. मोठ्या शहरात एका दिवसात शेकडो अर्जदार बोलावलेले असतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. पहिल्याच वाक्यात जागा आणि मागणी सांगा: ‘शीट चार, स. नं. ३१, रस्त्याची आखणी ओढ्यावरून आहे, ती पूर्वेला सरकवावी.’ मग भाग नकाशा पुढे ठेवा. आपल्या परिसराचा इतिहास, लोकप्रतिनिधींवरचा राग, जुन्या आयुक्तांनी काय केले, हे सगळे घरी ठेवून या.

शक्य असेल तर गटातल्या एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी सोबत असावे. बोलून झाल्यावर तेच मुद्दे एका पानावर लिहून समितीला द्या आणि त्यावरही पोच घ्या. नंतर अहवालात तुमच्या अर्जावर काय शिफारस झाली ते तपासा. ती सहज मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. माहिती देण्याची मुदत तीस दिवस आहे. शिफारस विरुद्ध गेली असली तरी तिची कारणे तुम्हाला शासनाकडे पाठवायच्या पुढच्या पत्रासाठी उपयोगी पडतात.

शेजारी इमारत उभी राहतेय, तेव्हा

खरी जाग अनेकांना पत्रे उभे राहून खोदाई सुरू झाल्यावर येते. इथे स्पष्ट सांगितले पाहिजे: आराखड्यात रहिवासी असलेल्या प्लॉटवर नियमाप्रमाणे इमारत बांधायला परवानगी देताना शेजाऱ्यांची सुनावणी घेण्याची तरतूद एमआरटीपी कायद्यात नाही. ‘आम्हाला विचारले नाही’ एवढ्या मुद्द्यावर काम थांबत नाही. म्हणून तर आराखड्याच्या वेळी बोलायचे.

तरीही करण्यासारखे बरेच असते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचे नाव टाकून मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पाहा. इमारतीभोवती सोडायची जागा, रस्त्याची रुंदी, मजले प्रत्यक्षात तसेच आहेत का ते ताडून पाहा. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ती कुठे आहे ते शोधा. बांधकाम मंजूर नकाशाबाहेर जात असेल तर फोटो आणि मोजमापासह बांधकाम विभागाकडे लेखी तक्रार द्या.

झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस असतात. ही मुदत फार थोडी आहे, म्हणून सकाळी फिरायला जाणाऱ्यांना अशा नोटिशींचा फोटो ताबडतोब गटावर टाकायला सांगून ठेवा. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. अशा इमारतींसाठी जनसुनावणी होत नाही, पण अर्ज, मंजुरी आणि तिच्या अटी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. पाणी कुठून आणणार, सांडपाण्याचे काय करणार हे विकसकाने तिथे लिहून दिलेले असते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे.

तुम्ही स्वतः नव्या प्रकल्पात घर घेतले असेल तर रेरा कायद्याचे कलम १४ माहीत असू द्या. मंजूर आराखडा आणि सामाईक जागा यांत बदल करायचे तर विकसकाला किमान दोन तृतीयांश घर घेणाऱ्यांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. बागेच्या जागी आणखी एक इमारत उभी राहू लागली की हे कलम आठवा. आणि जुन्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला असेल, तर शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाप्रमाणे सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, किमान ५१ टक्के सभासदांची संमती, विकसक निवडीच्या सभेला निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी आणि सभेचे चित्रीकरण या गोष्टी ठरलेल्या आहेत. ‘नंतर सही करा’ म्हणून घरोघर फिरणाऱ्या कोऱ्या कागदांना नम्रपणे नकार द्या.

गावांनी काय करावे

शहराच्या कडेच्या गावांत बदल आणखी झपाट्याने होतो. तिथे प्रादेशिक योजना किंवा प्राधिकरणाचा आराखडा लागू असतो आणि शेतीचा पट्टा रहिवासी करण्याच्या फेरबदलाची नोटीस राजपत्रात येते. गावाकडे मात्र ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. आराखड्याचा विषय ग्रामपंचायतीला लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या आणि गायरान, पाणवठे, पाणंद रस्ते, देवराई, स्मशानभूमी यांची यादी करून ठराव मंजूर करून घ्या. ठरावाची प्रत मुदतीत नियोजन प्राधिकरणाकडे पोहोचली पाहिजे. ठरावाने आराखडा आपोआप बदलत नाही, पण अख्ख्या गावाचे म्हणणे नोंदीवर येते.

गोव्याने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे. २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ विरुद्ध गोवा बचाव अभियानाच्या हाकेने गावोगावचे लोक उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. पुढे चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुरचनाकार असलेल्या कृती दलाने ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ चे काम हाती घेतले, तेव्हा गावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवून लोकांचे म्हणणे मागवले गेले. विरोध करून थांबलेल्या लोकांना असे काही मिळत नाही. गोव्यातल्या लोकांनी आपल्या गावात काय हवे हे सांगण्याची तयारी ठेवली होती.

बैठकीला कोण नाही, ते पाहा

लोकसहभागाला एक दुखरी बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. बैठकीला येतो तो बहुधा घरमालक, निवृत्त, सवड असलेला पुरुष. भाडेकरू, वस्तीत राहणारे, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, फेरीवाले आणि ज्यांना अजून या शहरात घर मिळालेलेच नाही असे तरुण तिथे नसतात. मग ‘परिसराचे म्हणणे’ म्हणून जे जाते त्यात कधीकधी एवढेच असते की आमच्याजवळ गरिबांची घरे नकोत, बस डेपो नको, कचरा विलगीकरण केंद्र नको. हे सगळे कुठेतरी व्हायलाच हवे. आपल्या दारात नको म्हणताना ते कुणाच्या दारात जाणार, हे अर्जातच लिहायची सवय लावून घ्या. दुसरी योग्य जागा दाखवता येत नसेल, तर ती हरकत मागे घ्यावी.

म्हणून बैठक रविवारी सकाळी क्लब हाउसमध्येच घेण्याऐवजी एकदा वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी घ्या. नकाशा मोठा छापून भिंतीवर लावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे दुसऱ्याने लिहून घ्यावे आणि वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यावा. घरकाम करणाऱ्या बाईला बसथांब्यापासून किती अंधारातून चालावे लागते, हे नगररचनेच्या कोणत्याही अहवालात सापडत नाही. अर्ज तिचाही हवा.

मंजुरीनंतरही लक्ष असू द्या

आराखडा मंजूर झाला की आरक्षणे सुरक्षित झाली, असे होत नाही. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मालकाला आयुष्यभर अडकवून ठेवू नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती न्याय्य आहे. पण पालिकेने पैसे ठेवले नाहीत, नोटीस कपाटात पडून राहिली आणि मैदान गेले, असे होऊ नये. आपल्या प्रभागात अशा किती नोटिसा आल्या, हे वर्षातून एकदा माहिती अधिकारात विचारा आणि अर्थसंकल्पाच्या आधी नगरसेवकाला आणि आयुक्तांना संपादनासाठी तरतुदीचे पत्र द्या. कलम ३७ खाली होणाऱ्या फेरबदलांच्या नोटिसाही वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर येत असतात. परिसरातल्या एकाने ‘जाहीर सूचना’ वाचायची जबाबदारी घेतली तरी पुष्कळ होते.

सुरुवात लहान ठेवा. या आठवड्यात नगररचना विभागात जाऊन आपल्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा मागा. पुढच्या रविवारी चार शेजारी घेऊन तो नकाशा हातात धरून परिसरात फिरा आणि कोणती आरक्षणे अजून मोकळी आहेत त्यांची यादी करा. त्यातल्या एका जागेसाठी, फक्त एका, आयुक्तांना पत्र लिहा: ही जागा आम्हाला हवी आहे, का हवी आहे आणि तिच्यासाठी काय करता येईल. त्या पत्रावर आवक क्रमांकाचा शिक्का पडला की त्या जागेच्या बाजूने बोलणारा एक तरी कागद सरकारी फाइलमध्ये जातो, आणि पुढच्या सुनावणीत त्याच्याशिवाय निर्णय घेणे कोणालाही जड जाते.